खान्देशात खाल्लेलं सगळ्यात अचाट काय? (घरी सांगता येत नाही ते इथे सांगा)

गिरणाकाठी · शनिवार, रात्री ९:४२

काल पुण्यात एका मित्राकडे जेवायला होतो. गडी नुकताच थायलंडहून आलाय. तिकडे तळलेले किडे खाल्ले त्याचे फोटो एकेक करून दाखवत होता आणि सगळे ईऽऽ करत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी घोरपड खाल्लीये." सगळे गप्प. बायको सगळ्यात जास्त गप्प. लग्नाला चौदा वर्षं झाली, तिला हे माहीत नव्हतं.

तर किस्सा असा. मी सात-आठ वर्षांचा असेन, म्हणजे १९८६-८७. चाळीसगाव तालुक्यात मामाचं गाव. उन्हाळ्याची सुट्टी. मामाच्या सालदाराने रात्री मळ्यात चूल पेटवली होती, आम्हा पोरांना घरी न सांगता बोलावलं. कोंबडी आहे म्हणाला. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर बोटभर तर्री, बाजरीची भाकरी. मांस पांढरं, जरा चिवट, कोंबडीसारखंच. दोन भाकरी चुरून खाल्ल्या. मग वाटीच्या तळाशी एक पंजा लागला. त्याला पाच बोटं होती. कोंबडीला चार बोटं असतात हे मला पक्कं माहीत होतं, आमच्या अंगणात तीस कोंबड्या होत्या. मी बोटं पुन्हा मोजली. मग मामेभावाकडे पाहिलं. तो हसत होता.

उलटी वगैरे काही झाली नाही. खरं सांगायचं तर पंजा बाजूला ठेवून रस्सा संपवला.

तेव्हाही हा गुन्हाच होता, कायदा १९७२ चा आहे. समर्थन करत नाहीये. पण झालं ते झालं. तुमचंही काही असेल तर येऊ द्या. जिल्हा कुठलाही चालेल, जळगाव, धुळे, नंदुरबार. शेवभाजी आणि भरीत सोडून.

पॉपकॉर्नवाला · शनिवार, रात्री ९:५०

वाखुसा (वाचनखूण साठवली). बसलो.

सदाशिवपेठी · शनिवार, रात्री १०:०३

शाकाहारी माणसाने इथे काय लिहावं? जळगावला पहिल्यांदा हिरव्या मिरच्यांचं भरीत खाल्लं होतं, ते माझ्या दृष्टीने रानटीच होतं. दुसऱ्या दिवशीचं वर्णन टाळतो.

शिरपूरचा_भो · शनिवार, रात्री १०:१५

@सदाशिवपेठी भाऊ, त्याले भरीत नही म्हनतस, त्याले परीक्षा म्हनतस.

माझं अचाट खाणं रानातलं नाही, ऑस्ट्रेलियातलं आहे. इमू! सविस्तर लिहितो, जेवून येतो.

कळणा_भाकर · शनिवार, रात्री १०:३१

माहेर यावल तालुक्यातलं, लेवा पाटलाचं घर. घरात मांसाचं नाव नाही, त्यामुळे शिकारीचं मले विचारू नका. पण बिब्बा खाल्लाय.

मोठी माय डिंकाच्या लाडवात गोडंबी घालायची. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतली बी, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. काजू-बदामाच्या मधली चव. आणि बिब्ब्याच्या डोक्यावर जो केशरी गर असतो, तो वाळवून "बिब्ब्याची फुलं" म्हणून बाजारात मिळतो. गोड, जरा तुरट, चघळत बसायचं. तेवढं पुरे नव्हतं म्हणून मी आणि धाकट्या भावाने एकदा शेताच्या बांधावरचा ओला बिब्बा दातांनी फोडला. गोडंबी थेट झाडावरून खाऊ म्हटलं. त्या टरफलात जे काळं तेल असतं, त्याने पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायचे, धुतलं तरी जात नाही. ते आमच्या ओठांना लागलं. दुसऱ्या दिवशी भावाचं तोंड असं सुजलं की शाळेत मास्तरांनी ओळखलं नाही. आठ दिवस खोबरेल चोपडून घरात. बिब्बा "उतला" असं म्हणतात आमच्याकडे. अजून त्याच्या वरच्या ओठाच्या कडेला डाग आहे, आता मिशीत लपतो.

गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात बघा कधी. राख लावून लावून, तेल-तूप चोपडून फोडतात, तरी बोटं काळी.

सातपुडा_मास्तर · शनिवार, रात्री ११:०८

धागा बघून हात शिवशिवले. मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. धडगाव तालुक्यात पाच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. पाड्यावर वीज नव्हती, रस्ता पावसाळ्यात नसायचाच.

पहिल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली आणि तिसऱ्या दिवशी वर्ग रिकामा. आदल्या रात्री पहिला मोठा पाऊस होऊन गेला होता. मला वाटलं पेरणीला गेली पोरं. संध्याकाळी चौथीतला एक पोरगा कंदील मागायला आला. कशाला, तर म्हणाला, "गुरुजी, उधई निघणार."

मी मागोमाग गेलो. शाळेच्या मागे माझ्या छातीएवढं वारूळ होतं. त्याच्या पायथ्याशी पोरांनी हातभर खोल खड्डा खणून आतून शेणाने सारवून घेतला होता, कडा गुळगुळीत. वारुळाची सगळी भोकं चिखलाने बुजवून एकच उघडं ठेवलं, खड्ड्याच्या तोंडाशी. वर सागाच्या पानांची झापडी आणि तिच्याखाली माझा कंदील. मग बसून राहायचं. कोणी बोलायचं नाही, असा तिथल्या म्हातारीचा हुकूम.

साधारण अर्ध्या तासाने त्या भोकातून दोन-चार पंखवाल्या वाळव्या आल्या. मग वीस. मग पाण्याचा नळ सोडावा तशी धार लागली. उजेडाकडे झेपावायच्या, पंख एकमेकांत अडकायचे, खड्ड्यात पडायच्या. सारवलेल्या कडेवरून वर चढता यायचं नाही. पंखांचा आवाज म्हणजे कोरडं ज्वारीचं पान चुरगाळावं तसा. पाऊण तासात खड्डा वीतभर भरला.

घरी नेऊन कोरड्या मातीच्या तव्यावर टाकल्या, तेल नाही. पंख जळून-सुटून गेले ते सुपात घेऊन पाखडले. राहिलं ते तांबूस, भाताच्या फुगीर दाण्याएवढं. मीठ, तिखट. पळसाच्या द्रोणात माझ्यासमोर ठेवलं आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. नवीन मास्तर खातो की नाही, एवढाच प्रश्न होता.

चव सांगतो. भाजलेल्या शेंगदाण्याची, मागून लोण्याची. चावलं की जरा फुटतात. पहिला घास डोळे मिटून, तिसरा उघडे ठेवून. पुढची चार वर्षं पहिल्या पावसाची वाट मीपण बघायचो आणि कंदिलात रॉकेल भरून ठेवायचो.

बदली झाली. आता सांगलीत चौथ्या मजल्यावर राहतो. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती तीच पाखरं येतात, बायको दिवे बंद करते. मी काही बोलत नाही.

गिरणाकाठी · शनिवार, रात्री ११:२०

मास्तर, तुमच्यापुढे माझी घोरपड म्हणजे बालवाडी.

तापीकाठ · रविवार, सकाळी ७:१४

आमच्याकडे उधई नाही, पण वाम मासा भरपूर. नवीन माणसाला साप म्हणून दाखवायची मजा. हतनूर धरणाच्या खालच्या अंगाला मिळायची. कातडी राखेने चोळून काढावी लागते, नाहीतर हातातून निसटते. यात विचित्र काही नाही म्हणा, फक्त दिसायला.

रानवाटा · रविवार, सकाळी ८:४०

वडील वनखात्यात होते, यावल अभयारण्यातच बालपण गेलं, म्हणून थोडं कडू बोलतो.

घोरपड अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्याच पंगतीला. शिकार केली तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद. दंड किमान १०,००० होता, २०२२ च्या दुरुस्तीने तो किमान २५,००० केला आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे. मोर तर विचारूच नका. हरियाल महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे, तोही लोक "हिरवं कबुतर" म्हणून गिळायचे. ससा, तितर, लाव्हर यांचीही शिकार चालत नाही. "आमच्या बापजाद्यांपासून खातो" हे न्यायाधीशाला सांगून काही उपयोग होत नाही. हॉटेलात "बटेर" म्हणून मिळतो तो पाळलेला जपानी लाव्हर, तो वेगळा.

आणि घोरपडीचं तेल सांधेदुखीवर चालतं, ही सगळ्यात महागडी अफवा आहे. वडिलांनी एकदा बाजारात असं तेल विकणारा धरला होता. बाटलीत काय निघालं? स्वयंपाकाचं तेल, वर तरंगायला घोरपडीच्या शेपटीचा एक तुकडा. गुडघ्याचं काही नाही होत, घोरपड मात्र जाते.

संपादक

रानवाटा यांच्याशी सहमत. जुन्या आठवणी लिहायला हरकत नाही. शिकार *कशी करायची*, जाळं, फासे, गलोल, हे कृपया कोणी लिहू नये. तसे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

बाणकोटी · रविवार, सकाळी ९:०२

एक उडवलेला माझा होता. बरं.

मोलगीकर · रविवार, सकाळी ११:३०

मी अक्कलकुवा तालुक्यातला, पावरा. सध्या नाशिकला नोकरी. रात्री धागा वाचला, सकाळी लिहू की नको करत होतो.

रानवाटा दादांचं बरोबर आहे, कायदा कायदाच. फक्त एक. जीपमध्ये बसून, सर्चलाइट मारून, बारा बोअरने ससे मारणारे लोक मी लहानपणी पाहिलेत. ते आमच्यातले नव्हते, आमच्याकडे जीप नव्हती. पण गावात विचारणा झाली की आधी कोणाच्या झोपडीत मडकं उघडून बघायचे, ते मी सांगायला नको. साहेब लोकांची शिकारही खान्देशाला नवी नाही. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, तो वाघांच्या शिकारीसाठीच गाजला. त्याच्या शिकारीची पुस्तकं होतात, आमच्या शिकारीचा पंचनामा होतो.

असो. विषय खाण्याचा आहे.

मास्तरांनी उधई छान लिहिली. त्यात विचित्र काय ते मला आधी कळलंच नाही, मग लक्षात आलं की हा धागा तिच्यासाठीच आहे. मग मी विचार केला, मी खाल्लेलं सगळ्यात विचित्र काय? आठवलं. अकरावीला शहरात वसतिगृहात आलो तेव्हा पनीर. पांढरे चौकोनी तुकडे, चव नाही, वास नाही, दाताखाली किरकिर वाजतं. शेजारच्याला विचारलं हे काय. म्हणाला, दूध मुद्दाम नासवतात, पाणी फेकून देतात आणि उरतं त्याला दाबून कापतात. मी घरी गेल्यावर आईला सांगितलं. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, नासलेलं दूध विकत घेतात?

दुसरं, पावसाळ्यातली अळंबी. आम्ही वारुळाजवळची, रात्रीत उगवणारी, पहाटे काढायचो. कुठली घ्यायची आणि कुठलीकडे बघायचंही नाही ते आजी दाखवायची. शहरात तीच (तीच नाही, तिची फिकट बहीण) प्लास्टिकच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलेली बघितली.

आणि मोह. शहरात मोह म्हटलं की लोक डोळा मारतात. दारू सोडून काही ऐकलेलंच नसतं. होळीच्या आगेमागे झाडाखालचा पाला झाडून-जाळून जागा साफ करतात आणि फुलं पहाटे गळतात, म्हणून अंधारातच टोपल्या घेऊन निघायचं. ताजं फूल तोंडात टाकलं की आधी गोड रस, मग एक उग्र वास नाकात चढतो. वाळवलं की मनुकेसारखं. तुरीबरोबर, चिंचोक्यांबरोबर शिजवतात. भाजून तिळाबरोबर कुटून लाडू. बियांचं तेल, ते थंडीत तुपासारखं थिजतं. माझी आजी भाकरीच्या पिठातच मोह घालायची, तिच्या दृष्टीने ते गोडधोड नव्हतं, पोट भरायचं साधन होतं.

कडूकंद कोणी खाल्लाय का? तो तसाच खाल्ला तर घसा धरतो, उलट्या होतात. चकत्या करून राखेत उकळायच्या आणि टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायच्या. सकाळी कडूपणा पाण्याबरोबर गेलेला असतो. एवढं सगळं पहिल्यांदा कोणी आणि किती उपाशी असताना शोधलं असेल, याचा मी अजून विचार करतो.

कळणा_भाकर · रविवार, दुपारी १२:०५

मोलगीकर दादा, पनीरचं वाचून हहपुवा (हसून हसून पुरेवाट). माझी सासू पण त्याला "फाटेल दूध" म्हणते आणि हात लावत नाही.

सातपुडा_मास्तर · रविवार, दुपारी १२:२२

मोलगीकर, कंदिलाचं रॉकेल तुमच्याच लोकांनी माझ्याकडून उकळलंय बरं का. (कृपया हलके घ्या.) ओढ्यातले काळे खेकडे राहिले तुमच्याकडून. पाट्यावर ठेचून, कपड्यातून गाळून, त्या पाण्याचा रस्सा. सर्दीला माझ्या वेळी तेच औषध होतं, दवाखाना सतरा किलोमीटर.

अंमळनेरी · रविवार, दुपारी ३:४७

आईला विचारून लिहितोय. ती ७८ वर्षांची आहे, शेजारी बसून "आसं नको लिखू, लोक काय म्हनतीन" म्हणतेय, तरी लिहितो.

तिचं माहेर पारोळा तालुक्यात. शेती नव्हती, मजुरी. ज्वारी काढून झाली की मालक सरवा वेचू द्यायचा. सरवा संपला की बाया सब्बल घेऊन बांधावर उंदरांची बिळं खणायच्या. उंदरासाठी नाही. उंदराने आत साठवलेल्या ज्वारीसाठी.

आई सांगते, बीळ आधी तिरकं जातं, मग वळतं आणि हातभर खोल एक कोठी असते. तिच्यात कणसं कुरतडून, देठ काढून, एकावर एक रचलेली. "आपला माणूस असं नीट रचत नाही," हे तिचे शब्द. एका बिळात कधी शेरभर, कधी अधोलीभर. घरी आणून तीन पाण्यांनी धुवायची, वाळवायची, भाजायची, मग दळायची. भाकरीला उंदराचा वास येतो का, मी विचारलं. म्हणाली, भुकेला वास येत नसतो.

आणि निघताना एक-दोन कणसं परत आत टाकून बीळ बुजवायचं. मला वाटलं दया. म्हणाली, दया कसली, तो मेला तर पुढच्या वर्षी साठवणार कोण?

तापीकाठ · रविवार, दुपारी ४:१०

_/\_

डॉक्टर_साखरे_नाही · रविवार, दुपारी ४:३०

रसभंग करतो, माफी. उंदराच्या बिळातलं धान्य आणि उंदराचं मूत्र लागलेला चिखल म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला आमंत्रण, हाताला जखम असेल तर जास्तच. आजींनी धुवून, वाळवून, भाजून घेतलं, योग्य केलं. रानडुकराचं मांस अर्धंकच्चं खाणारेही असतात, त्यात कृमी असतात. विस्तवावर नुसतं शेकून "जळकं लागतंय ना, मग झालं" असं म्हणू नका.

अंमळनेरी · रविवार, दुपारी ४:४१

आई म्हनी राहिनी, डॉक्टरले सांग, तवय दवाखाना बी नव्हता न् आजार बी नव्हता.

कळणा_भाकर · रविवार, संध्याकाळी ५:२०

अंमळनेरी दादांच्या आईंवरून १९७२ आठवलं. मी तेव्हा जन्मले नव्हते पण घरात ते वर्ष अजून बोललं जातं. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेची लाल ज्वारी. भाकरी थापली की कडेने फाटायची, तव्यावरून उचलली की दोन तुकडे, रंग विटेसारखा. वडील म्हणतात, तिला चव अशी नव्हतीच, नुसतं चावत राहायचं. दुष्काळी कामावर सुकडी वाटायचे, ती मात्र पोरांना इतकी आवडायची की खडी फोडायला आईबापांच्या आधी पोरं हजर. वडिलांना अजून कोणी विचारलं, आयुष्यात सगळ्यात विचित्र काय खाल्लं, तर मिलो. साप-घोरपड लांब राहिले.

शिरपूरचा_भो · रविवार, रात्री ८:५५

जेवून येतो म्हणून गेलो तो आज आलो. इमू ऐका.

२०१० च्या सुमारास एक कंपनी आली (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही). पिल्लं आमच्याकडून घ्या, वाढवा, अंडी आम्हीच विकत घेऊ, तेलाला परदेशात मागणी आहे, मांसात चरबी नाही, पिसांच्या पर्सेस होतात. माझ्या काकांनी, आम्ही त्यांना जिभाऊ म्हणतो, कापसाचे पैसे घातले. बारा पिल्लं. अंगावर उभे पट्टे, खारीसारखे. गाव बघायला यायचं.

पक्षी मोठे झाले. साडेपाच फूट. मादी घशातून असा आवाज काढायची की कोणी रिकामा पिंप हळू बडवतंय. रात्री दोन वाजता. शेजारच्या आक्काने आधी भूत समजून लिंबं कापली. हिवाळ्यात अंडी सुरू झाली. अंडं म्हणजे गडद हिरवं, जवळजवळ काळं, आंब्याच्या कोईसारखी खरखरीत साल, वजन अर्धा किलोच्या वर. कंपनीची गाडी दोनदा आली, तिसऱ्यांदा आली नाही. फोन लागेना. २०१२ पर्यंत सगळीकडेच इमूचा फुगा फुटला होता, फक्त आमच्याकडे बातमी पक्ष्यांनंतर पोचली.

आता बारा पक्षी आणि रोजचा खुराक. विकत घ्यायला कोणी नाही. आधी आम्ही अंडी खाल्ली. ड्रिलने भोक पाडून पातेल्यात ओतायचं. एका अंड्यात दहा-बारा कोंबडीच्या अंड्यांएवढं. जिभाऊच्या घरी सकाळी एकच ऑम्लेट व्हायचं आणि सात माणसं जेवायची. चव जरा घट्ट, बलक फिका. आठ दिवसांनी पोरं म्हणाली, आता नको.

मग एक दिवस जिभाऊ म्हणाले, "आते कापाच लागी." इमू कापणं हा गावात कोणालाच अनुभव नाही. खाटकाला बोलावलं, त्याने गोठ्याच्या दारातून एकदा पाहिलं आणि चहा पिऊन निघून गेला. लाथ अशी मारतो की पत्रा वाकतो. शेवटी चौघांनी मिळून कसंबसं उरकलं, त्याचं वर्णन करत नाही, संपादक उडवतील.

मांस लालभडक. आम्हाला वाटलं पक्षी आहे म्हणजे कोंबडीसारखं. बोकडापेक्षा लाल! चरबी सगळी पाठीवर एका पट्ट्यात, मांसात नावाला नाही. काकूने नेहमीचा काळा मसाला, कांदा-खोबरं चुलीत भाजून, पाट्यावर. दोन तास शिजवलं तरी दोरखंड. तिसऱ्या तासाला कुकरमध्ये घातलं. कळण्याच्या भाकरीबरोबर वाढलं. रस्सा फक्कड, त्यात वाद नाही, आमच्या मसाल्यात चप्पल उकळली तरी रस्सा फक्कड होईल. पण तुकडा चावता चावता माझ्या आतेभावाची दाढ हलली.

उरलेले अकरा? चार असेच गेले. दोन पळून गेले आणि तापीच्या बाजूला केळीच्या बागेत शिरले, तिथल्या रखवालदाराने रात्री बॅटरीत त्यांचे डोळे पाहिले आणि काम सोडलं. बाकीचे जिभाऊने एका माणसाला वाहतुकीच्या भाड्यावर देऊन टाकले. फुकटच. जाताना जिभाऊ गाडीमागे थोडं चालत गेले. कापसाचे पैसे फेडायला चार वर्षं लागली.

पॉपकॉर्नवाला · रविवार, रात्री ९:०१

"चप्पल उकळली तरी" खिक्. धागा वसूल.

नवापूर_एक्सप्रेस · रविवार, रात्री ९:३०

पक्ष्यांचा विषय निघाला म्हणून. फेब्रुवारी २००६. देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापूरला निघाला. पोल्ट्र्यांवर पांढऱ्या सूटमधली माणसं, लाखोंनी कोंबड्या मारून पुरल्या, टीव्हीवर दिवसरात्र नवापूर. त्याच महिन्यात माझ्या चुलतबहिणीचं लग्न. जेवणात मटण करायचं तर ऐपत नाही, चिकनचं नाव काढलं तर वऱ्हाडी परत जातील. शेवटी वरण-बट्टी.

पण मुद्दा तो नाही. आमच्या आप्पांनी घरच्या दोन गावरान कोंबड्या, सरकारी माणसांच्या यादीत येण्याआधीच, रात्री दार लावून शिजवल्या. खिडक्यांना गोणपाट लावलं, मसाल्याचा वास बाहेर जाऊ नये म्हणून. नऊ माणसं अंधारात, बिनबोलता, कोंबडी खात बसलो होतो. घोरपड, उधई, इमू काय असेल ते असेल, आयुष्यात चोरून खाल्लेली एकच गोष्ट, आणि ती साधी कोंबडी. कोणी आजारी पडलं नाही. तरी करू नका, डॉक्टर ओरडतील.

डॉक्टर_साखरे_नाही · रविवार, रात्री ९:३८

ओरडलो असं समजा.

बस्तर_रिटर्न · रविवार, रात्री १०:१५

अवांतर: लाल मुंग्यांची चटणी. जगदलपूरच्या आठवडी बाजारात खाल्ली, तिकडे चापडा म्हणतात. मुंग्या अंड्यांसकट वाटलेल्या, मिरची, मीठ. आंबटपणा चिंचेसारखा नाही, जिभेवर टोचतो. ओडिशातल्या सिमिलीपालच्या चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये मिळालं होतं, म्हणजे मुंगी आता वांग्याच्या बरोबरीला आली. मोलगीकर, सातपुड्यात खातात का?

मोलगीकर · रविवार, रात्री १०:४०

आमच्या पाड्यात नाही. इतर कुठे खात असतील तर ठाऊक असणारे सांगतील. आम्हाला त्या फक्त आंब्याच्या झाडावर चावायच्या.

गिरणाकाठी · सोमवार, सकाळी ७:३०

रात्री पूर्ण धागा बायकोला वाचून दाखवला. घोरपडीबद्दल तिचा राग थोडा उतरला, पण इमूवर तिचा विश्वास बसत नाहीये. शिरपूरच्या भो, काही पुरावा आहे का?

शिरपूरचा_भो · सोमवार, सकाळी ८:१२

वहिनीले सांगा, दोन अंड्यांची कवचं जिभाऊच्या देवळीत अजून आहेत. एकात काकू सुईदोरा ठेवते. दुसऱ्याला पोरांनी दिवाळीत रंग दिला, तो काही बसला नाही, हिरवं तसंच राहिलं. संध्याकाळी फोटो टाकतो.